एकदाच विचारलं

पहिल्या शाळेत माझ्या मुलीने सकाळभर प्रत्येक गोष्टीला 'नको' म्हटलं. रंग नकोत, ठोकळे नकोत, गोष्टींच्या कोपऱ्यात बसायला नको, सरबतसुद्धा नको.

ही इंग्रजी शाळा माझ्या नणंदेने सुचवली होती. ती या देशात बरीच वर्षं आहे, तिचा मुलगा इथेच शिकला. माझा नवरा लिफ्ट बसवतो. उंच इमारती उभ्या राहतील तिथे आमचं बिऱ्हाड जातं. या वेळी ते परदेशात जाणार होतं, म्हणून आम्ही तिघं आठवडाभर घर आणि शाळा बघायला आलो होतो.

मुख्याध्यापिका मृदू आवाजात म्हणाल्या, "मुलांच्या नकाराचा आम्ही मान ठेवतो. पण हिला कशातच रस दिसत नाही. एक इयत्ता खाली बसवू या."

मी वाद घातला नाही. माझी आई गेल्यापासून मुलगी अबोल झाली होती. आजीजवळ वाढलेली पोर. मला वाटलं, दुःखच ते, इथवर सोबत आलंय. पण नव्या देशात पहिल्याच दिवशी तिच्यावर मठ्ठ म्हणून शिक्का बसणार, हे काही गळ्याखाली उतरेना.

बसथांब्यावर मी विचारलं, "ठमे, रंग तर आवडतात तुला. मग घेतले का नाहीस?"

"त्यांनी एकदाच विचारलं."

"मग?"

"आजी म्हणायची, पहिल्यांदा नकोच म्हणायचं. लगेच हात पुढे केला तर हावरट दिसतं. ज्यांना खरंच द्यायचं असतं ते परत विचारतात." ती बुटाच्या टोकाने फरशी घासत होती. "कुणी परत विचारलंच नाही."

नवरा हसायला लागला आणि माझ्याकडे बघून गप्प झाला. मग मलाच हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी.

आईच्या घरी पाहुणा ताटावर हात आडवा धरायचा आणि आई बोटांच्या फटीतून वाढायची. ती स्वतःही तशीच. हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, "दुखतंय? इंजेक्शन देऊ?" की आई म्हणायची, "नको." नर्स पुढच्या खाटेकडे वळायची. मी तिला परत आणायचे. "अजून एकदा विचारा ना." दुसऱ्यांदा आई म्हणायची, "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर."

नणंदेला हे सांगितलं तर ती डोक्याला हात लावून बसली. "अगं, भीड ही भिकेची बहीण! हो म्हणायला शिकव तिला."

"शिकवेन, ताई. पण ती शिकेपर्यंत कुणीतरी दोनदा विचारायला हवं."

"शाळा आहे ती. पंगत आहे का आग्रह करायला?"

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांना भेटले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पुन्हा विचारणं म्हणजे मुलावर दडपण, आणि तसं त्यांच्याकडे करत नाहीत, असं त्या म्हणाल्या. तिला तयार करून आणा, परत बघू. त्यांचं चुकत होतं असं मला वाटलं नाही.

"मग आज शिकव, उद्या नेऊ," नवरा म्हणाला. "सोपं तर आहे."

सोपं होतंच. फक्त त्यासाठी तिला सांगावं लागलं असतं की आजीचं चुकलं. ते मला इतक्यात सांगायचं नव्हतं.

आम्ही बघितलेल्या घराच्या मागच्या गल्लीत एक सरकारी शाळा होती, इथल्याच भाषेची. "इंग्रजी निदान चार शब्द येतं पोरीला," ताई म्हणाली. "ही भाषा म्हणजे आगीतून फुफाट्यात." तरी दुभाषी म्हणून तीच आली, कुरकुरत.

वर्गाच्या बाई धिप्पाड होत्या, बाहीवर खडूची भुकटी. मी आजीचा नियम सांगितला, ताईने तो त्यांच्या भाषेत सांगितला. बाई खो खो हसल्या आणि भराभर काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, दोनदाच? त्या दहादा विचारतात. शेवटी मुलंच कंटाळून हो म्हणतात." ताईलाही हसू आवरेना.

"आणि इयत्ता?"

"वयाप्रमाणे. भाषा म्हणे मुलंच मुलांना शिकवतात."

बाई ठमीला आत घेऊन गेल्या. आम्ही दाराच्या काचेतून बघत राहिलो. बाईंनी ब्रश पुढे केला. ठमीने मान हलवली. बाईंनी ब्रश तसाच धरून ठेवला आणि पुन्हा काहीतरी म्हणाल्या. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा तिने ब्रश घेतला.

शेजारच्या मुलीने आपला कागद तिच्याकडे सरकवला. ठमी काहीतरी बोलली. मग आणखी बोलली, ब्रश हवेत नाचवत, भुवया उडवत. ती मुलगी लक्ष देऊन ऐकत होती आणि मध्येच आपल्या भाषेत उत्तर देत होती.

"अगं, ही मराठीतच सुरू झालीये!" ताई म्हणाली. "काय कळतंय त्या पोरीला?"

नवऱ्याने घड्याळ बघितलं. "घरमालक थांबला असेल गं."

"तू हो पुढे. घर नक्की करून टाक."

"काल तर म्हणत होतीस, स्वयंपाकघर अंधारं आहे."

"मोठा दिवा लावू," मी म्हटलं. "जा लवकर, नाहीतर दुसरं कुणी घेईल."