फुरंगटमामाचा नवा कोट

आधीच सांगून टाकते, मला फुरंगटमामा कधीच आवडला नाही. अख्ख्या महाराष्ट्राचा लाडका असेल, माझा नव्हता. लाकडी डोकं, गलेलठ्ठ पोट, लोकरीच्या जाड भुवया आणि कायम रुसलेला चेहरा. नव्वदच्या दशकात त्याचे तीन सिनेमे आले. प्रत्येक सिनेमात कुणीतरी त्याला कुठेतरी बोलवायचं, तो हाताची घडी घालून म्हणायचा, "आम्ही नाही येणार, जा!" आणि थिएटरभर पोरं ओरडायची, "मामा, या ना!" त्याच्या दोऱ्या माझ्या वडिलांच्या बोटांत असायच्या आणि आवाजही त्यांचाच. सिनेमांच्या कितीतरी आधीपासून ते त्याला नाचवायचे, आणि माझ्या लहानपणी एखाद्या दिवाळीला माझा फ्रॉक राहून जायचा, पण मामाचा कोट राहिला असं कधी झालं नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा एक्क्याऐंशीचे. आई गेल्यावर मी त्यांना दिल्लीला आणलं, लक्ष्मीबाई नगरच्या माझ्या सरकारी क्वार्टरमध्ये, आठव्या मजल्यावर. सोबत एक बॅग आणि हा मामा. तो त्यांच्या पलंगासमोरच्या खुंटीवर टांगलेला असे. तीन वर्षांत इथल्या हवेनं अण्णांच्या फुप्फुसांचं जे व्हायचं ते झालं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता महिनाही कठीण आहे. अण्णांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. त्यांनी त्याच दिवशी सुई-दोरा मागितला.

आमचं घराणं कोकणातलं, पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवणारं. आमच्याकडे एक रीत आहे. जी बाहुली पुन्हा नाचणार नाही तिला नवे कपडे शिवायचे, हातावर दही ठेवायचं आणि वाहत्या पाण्यात सोडायचं. ज्या हातानं ती नाचवली त्याच हातानं. तो हात आधी गेला तर बाहुली तशीच राहते, मग तिला दुसऱ्या कुणी सोडून चालत नाही. अण्णांनी त्यांच्या वडिलांना हे करताना पाहिलं होतं. आता त्यांना मरायच्या आत एवढं एकच करायचं होतं.

"यमुनेत नको," ते म्हणाले. "फेस आहे नुसता. वाहतं पाणी बघ कुठेतरी."

मी ऑफिसात चौकशी केली. गाझियाबादच्या पुढे मुरादनगरला गंगनहर, म्हणजे गंगेचा कालवा आहे, पाणी स्वच्छ आणि चांगलं वेगानं वाहतं. रविवारी टॅक्सीनं न्यायचं ठरवलं, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर सोबत घेऊन.

आता माझी चूक ऐका. यातलं काहीही मी केतकीला, माझ्या मुलीला, सांगितलं नाही. ती दिल्लीत वाढलेली, गुडगावला नोकरी करणारी, वय सव्वीस. तिच्या लहानपणीच मी ठरवलं होतं की हे बाहुल्यांचं खूळ माझ्यापाशी संपवायचं. संपलं कुठे! पोरगी मामाच्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये होती. चाळीस हजार माणसं, सगळी माझ्या मुलीहून मोठी, आणि त्यांचा एकच उद्योग: मामाचा चौथा सिनेमा कधी येणार.

सोमवारी केतकीनं अण्णांचा फोटो काढला. मांडीवर मामा, हातात सुई, अर्धा शिवलेला मखमली कोट. खाली लिहिलं, "आजोबा मामासाठी नवा कोट शिवतायत!" आणि दिला ग्रुपवर टाकून.

रात्रीपर्यंत चाळीस हजार माणसांचं डोकं फिरलं. पहिल्या सिनेमात मामाच्या कोटाला एक बटण होतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. फोटोतल्या कोटाला चार. झालं! पुण्याच्या एका बाईनं बाण काढून बटणं दाखवली. कुणी म्हणालं, मागच्या भिंतीचा रंग स्टुडिओचाच वाटतो. अहो, तो सरकारी खात्यानं फासलेला पिवळट डिस्टेंपर! आणि सरोजिनी नगरच्या दुकानात बटणं चार-चारच्या पुठ्ठ्यावरच मिळतात, मीच आणली होती.

"आजोबा, सच्ची सांगा ना, चौथा येतोय का?" केतकीनं विचारलं.

अण्णांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "मामा आता नाचायचा नाही, बाळा. तो जायचाय."

"कुठे? मुंबईला? शूटिंगला?"

त्यांना पुढे बोलण्याइतका श्वास नव्हता. मी भाजी चिरत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "केतकी, त्यांना त्रास देऊ नकोस." एवढंच. पोरीनं त्यातून काय घ्यायचं ते घेतलं आणि ग्रुपवर लिहिलं की आजोबा म्हणाले, मामा जाणार आहे.

बुधवारी प्रसन्न नावाचा एक जण केक घेऊन दारात उभा. पुण्याचा, मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, पस्तिशीचा बाप्या. सोबत आणखी तिघं. मी हाकलायला गेले, पण अण्णांनी त्यांना आत बोलावलं. प्रसन्न त्यांच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. म्हणाला, "माझे बाबा मला सोडून गेले ना, त्या वर्षी मी रोज मामाची कॅसेट बघायचो." अण्णांनी त्याच्या केसांतून हात फिरवला. मला त्या माणसाचा राग आला आणि तो टिकला नाही, याचा जास्त राग आला.

शुक्रवारी नोटीस आली. ज्या कंपनीनं ते सिनेमे काढले होते, तिला बावीस वर्षांत मामाची आठवण झाली नव्हती. चाळीस हजार माणसं ओरडायला लागली तशी झाली. अण्णांनी कधीकाळी सही केलेल्या कराराची प्रत जोडली होती: पात्र, आवाज, रूप आणि बाहुली, सगळं कंपनीचं. अनधिकृत बदल केल्याबद्दल खुलासा द्यावा. बाहुली ताबडतोब ताब्यात द्यावी.

शनिवारी दुपारी कंपनीचा दिल्लीतला वकील आला, सोबत एक माणूस खोका घेऊन. अण्णा औषधाच्या गुंगीत होते. केतकी ऑफिसात.

"सोमवार को आ जाइए," मी म्हटलं. "बस दो दिन."

"मॅडम, आप तो खुद गवर्नमेंट सर्व्हंट हैं," तो अगदी सभ्यपणे म्हणाला. "कंप्लेंट हुई तो आपके डिपार्टमेंट तक जाएगी. अच्छा लगेगा?"

एकतीस वर्षं मी सेक्शनमध्ये फायली हलवल्या. कागद समोर आला की माझा हात आपोआप सहीकडे जातो. खोटं नाही सांगत, मी करार वाचला, क्रमांक पाहिला, तारीख पाहिली, आणि त्यात मला एकही त्रुटी सापडली नाही. मी त्याला सांगू शकले असते की बाहुली हरवली. दार लावून घेऊ शकले असते. अण्णांना गदागदा हलवून उठवू शकले असते. मी खुंटीवरून मामा काढला, दोऱ्या गुंडाळल्या, दिला आणि पोच घेतली.

केतकी आली तेव्हा खुंटी रिकामी होती. मग सांगितलं तिला सगळं. नवा कोट कशासाठी, दही कशासाठी, मुरादनगर कशासाठी. ती जमिनीवरच बसली.

"मम्मा, तू मला आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "मी फोटो टाकलाच नसता ना."

तिनं वकिलाला फोन केले, कंपनीला मेल केले, ग्रुपवर हात जोडून सगळं लिहिलं. त्यावर एकानं लिहिलं की ही प्रमोशनची जबरदस्त आयडिया आहे. तिनं फोन भिंतीवर फेकला.

त्या संध्याकाळी अण्णांना ताप भरला आणि रात्री हॉस्पिटलात न्यावं लागलं. रविवार त्यांना कळलाच नाही. बडबडत होते, मधेच मामाच्या आवाजात. नर्स हसली, मग त्यांची चादर सारखी करू लागली.

सोमवारी दुपारी ताप उतरला. डोळे उघडले ते लख्ख. मला म्हणाले, "साधना, आज वार कुठला?"

"सोमवार."

"मग रविवार?"

रस्त्यात, लिफ्टमध्ये, कँटीनच्या रांगेत मी याच प्रश्नाचं उत्तर पाठ करत होते. त्यांचा हात हातात घेतला. "जाऊन आलो ना अण्णा आपण. मुरादनगरला. तुम्हाला ताप होता, म्हणून आठवत नाही."

"मीच सोडला?"

"तुम्हीच. याच हातानं. दही मी ठेवलं."

त्यांचा चेहरा इतका सैल झाला की मला वाटलं, जन्मात एक काम तरी नीट केलं. केतकी पलीकडे उभी होती. तिनं ओढणी तोंडाशी धरली.

"तरंगला का गं?" अण्णांनी विचारलं.

"हो तर," मी म्हटलं. आणखी सुख द्यावंसं वाटलं, म्हणून आणखी बोलले. "किती तरी वेळ. पुलाच्या पलीकडे गेला तरी कोट दिसत होता."

अण्णांनी हळूहळू माझ्या हातातून आपला हात काढून घेतला.

"त्याच्या पोटात शिसं आहे," ते म्हणाले. "दोरीवर लटपटू नये म्हणून मीच भरलंय. तो तरंगत नाही."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी खूप बोलले, माफी मागितली, केतकी रडली. ते त्यानंतर बुधवारी सकाळपर्यंत होते. नर्सशी बोलले, केतकीनं पाणी दिलं ते प्यायले. माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत.