माशीने जोडलेली तार

ओग्वारीच्या धाकट्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्याकडे जुळं झालं की पाहुण्यांनी शिव्या देतच अंगणात शिरायचं असतं. शिवी जितकी घाण, तितकी पोरं धडधाकट निघतात. त्या दिवशी म्हाताऱ्या बायकासुद्धा तोंड मोकळं करून घेत होत्या. अडेरा मास्तर तेवढे चकचकीत बूट घालून गप्प बसले होते. मिशनच्या तंत्रशाळेत ते रेडिओ शिकवायचे. शिवी देणं त्यांना शोभलं नसतं.

ओग्वारी त्यांच्यापाशी जाऊन बसला, कारण त्याला काम होतं. सरोवराकाठच्या बाजारात पत्र्याच्या छपराखाली तो रेडिओ दुरुस्त करायचा. त्याचा भाऊ ओचिलो मासेमारीला जायचा. मागच्या पावसाळ्यात खोल पाण्यात चोरट्यांनी ओचिलोच्या नावेचं इंजिन आणि जाळी काढून नेली आणि त्याला तसाच सोडून दिला. वाऱ्याने नाव एका बेटाला लागली म्हणून तो जगला. तेव्हापासून त्याच्या बायकोने, अबोंगोने, हट्टच धरला होता. ओचिलोने उसनवारी करून दुसरं इंजिन आणलं, तरी ती नाव पाण्यात घालू देईना.

"नावेला तोंड पाहिजे, भावोजी," ती ओग्वारीला म्हणाली होती. "तो तिकडून ओरडला तर मला इथे ऐकू यायला पाहिजे. नाहीतर बसू दे घरात जाळी विणत."

विकतची वॉकीटॉकी घ्यायची तर परवाना लागायचा, आणि परवान्यासाठी चौकीचे उंबरठे झिजवायचे. ओग्वारीच्या हातात कसब होतं, सुटे भाग किसुमू शहरात मिळत होते. नव्हता तो नकाशा. कुठली तार कुठे जोडायची ते सांगणारा सर्किटचा कागद त्या सगळ्या काठावर कुणाकडे नव्हता.

"माझ्याकडे आहे," अडेरा मास्तर म्हणाले. "माझी स्वतःची रचना. इथून बेटापर्यंत बोललोय मी त्यावर. पण कुणाला दाखवायची नाही."

दोन मोठे मासे त्यांच्या घरी पोचले, तेव्हा नकाशाची झेरॉक्स ओग्वारीच्या हाती पडली. खाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं: रचना, अडेरा.

ओग्वारीने नकाशाबरहुकूम दोन यंत्रं बांधली. त्या कामात एक साधा नियम असतो. दोन रेषा एकमेकींवरून नुसत्या गेल्या तर तारा वेगळ्या ठेवायच्या. जिथे काळा ठिपका, तिथे त्या जोडायच्या. जिथे जिथे ठिपका होता तिथे तिथे त्याने कथलाचा डाग दिला. यंत्रं लावली तर दोन्हींतून छान सूं सूं यायला लागली. पण बोललेला एक शब्द इकडून तिकडे जाईना. भाऊ हातभर अंतरावर उभा, तरी जाईना.

मास्तर बाजारात आले तेव्हा त्याने त्यांना हाक मारून दाखवलं. चार माणसं जमली.

"पत्र्याखाली बसून बोलतोस होय?" मास्तर हसले. "लोखंडाखाली आवाज बाहेर पडेल कसा? पाण्यावर कुठला पत्रा? तिकडे बघ कसं घणघणतं ते!"

"मास्तर, मी बाहेर मैदानातही पाहिलं."

"मग तुझे डाग कच्चे असतील. नकाशा चुकायचा नाही."

लोक हसले. ओचिलोही हसला. त्याने एका यंत्राचा डबा उचलून कानाला लावला. "आवाज तर येतोय की रे."

"तो आवाज नाही, नुसती सूं सूं आहे. मला दोन दिवस दे."

"तू काय मास्तरांपेक्षा शहाणा? ओमेरा, घरात बसून माझ्या ढुंगणाला मुळं फुटली!" ओमेरा म्हणजे भाऊ, लाडात आला की तो ओग्वारीला तसं म्हणायचा. अबोंगोनेही डबा कानाला लावून पाहिला. मास्तरांनी तिला दोनदा सांगितलं, पाण्यावर चालेल, निर्धास्त राहा. मग ती मानली. दुसऱ्या दिवशी पहाटे ओचिलो गेला.

ओग्वारीला चैन पडेना. नकाशा खिशात घालून तो ओबुराकडे गेला. ओबुरा लष्कराच्या रेडिओ खात्यातून निवृत्त झालेला, अडेरांचा हाडवैरी.

"अडेरा?" ओबुरा थुंकला. "त्या बूटपुश्याला काय कळतंय? ही घे माझी रचना. बराकीत बसून मी काढली. हिच्यावर मैलोन्‌मैल बोललोय."

ओग्वारीने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. रेघ न् रेघ तीच. एका कोपऱ्यात, बोलण्याचा आवाज ज्या तारेतून जायचा तिथे, तोच काळा ठिपका, तसाच किंचित लांबट आणि बाकी ठिपक्यांहून जरा मोठा. तो ठिपका त्या तारेला सरळ जमिनीच्या, म्हणजे अर्थिंगच्या, तारेशी जोडत होता. म्हणजे बोललेलं सगळं मुरून जाणार. दोघांतल्या एकाने जरी हे यंत्र कधी बांधलं असतं, तरी पहिल्या दिवशीच त्याला ते कळलं असतं.

तो तडक अडेरांच्या घरी गेला. मास्तरीणबाईंनी अंगणभर बोटभर लांबीची ओमेना मासळी वाळत घातली होती, आणि तिच्यावर घोंगावणाऱ्या माश्यांचं मोहोळ उठलं होतं.

"मास्तर, झेरॉक्स नको. मूळ कागद दाखवा."

त्यांनी आढेवेढे घेतले. ओग्वारी हलेना, तेव्हा त्यांनी फडताळातून एक पिवळं पान काढलं. कुठल्यातरी परदेशी मासिकातलं. मासिकाचं नाव वरून कातरून टाकलेलं. ओग्वारीने त्या ठिपक्यावर नख लावलं आणि हलकेच खरवडलं. ठिपका निघाला. नखात तपकिरी कण राहिला. खाली कागद कोरा होता. दोन रेषा एकमेकींवरून नुसत्या गेल्या होत्या.

"अरे, माझा नकाशा फाडतोस काय?"

"नाही मास्तर. माशी तुमच्या नकाशावर हगून गेली होती, ते पुसतोय."

मास्तर पान ओढून घेऊ लागले.

"तुमच्याकडे तिची घाण, ओबुराकडे तुमच्या घाणीची झेरॉक्स, आणि मी ती विस्तव लावून तांब्यात जोडली. कधी बांधून पाहिलं होतंत का हे?"

"मला वेळ कुठे असतो?" मास्तर म्हणाले. "आणि सगळेच असं करतात रे."

 ओग्वारीने अंगणातल्या घागरीतलं पाणी घेऊन नख घासघासून धुतलं, तरी ते बोट त्याला आपलं वाटेना.

दुकानात येऊन त्याने आपल्या यंत्रातली, त्या ठिपक्यापायी जोडलेली लाल तार तोडली. टेबलावरच्या रेडिओतून त्याचा स्वतःचा आवाज खणखणीत आला. तसाच तो धक्क्याच्या टोकाला पळाला. ओचिलोच्या डब्यातून बोललेलं येणार नव्हतं, पण इकडचं त्याला ऐकू जाऊ शकत होतं.

"ओचिलो, मागचं झाकण काढ. लाल तार तोड. दाताने तोड, पण तोड आणि मग बोल."

नुसती सूं सूं. अबोंगो शेजारी येऊन उभी राहिली. "तो बोलत का नाही, भावोजी?" तिने विचारलं. ओग्वारीने तिला माशीचं सांगितलं नाही. सेल बसेपर्यंत तो तेच तेच सांगत राहिला.

नाव बेटापलीकडे उलटी सापडली, आणि जवळच ओचिलोचं प्रेत. इंजिन पुन्हा काढून नेलेलं. डबा ओचिलोच्या गळ्यात दोरीने बांधलेला होता. त्याचं बोलायचं बटण त्याने रबराने दाबून ठेवलं होतं, आणि ते दाबलेलं असेपर्यंत डब्यातून पलीकडचं काही ऐकू येत नाही. लाल तार जागच्या जागी होती. तो किती वेळ बोलत होता, ते कुणाला माहीत.

दफनाला अडेरा मास्तर आले, तेच बूट घालून. या काठावरचं पहिलं बोलकं यंत्र ओचिलोच्या नावेत होतं, आणि ते आपल्या रचनेचं होतं, असं ते भाषणात म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. ओबुरा मागून ओरडला, "खोटं! रचना माझी होती!" दोघे कबरीच्या कडेला भांडू लागले आणि उकरलेली माती खाली घसरू लागली. ओग्वारीने अबोंगोचा हात धरून तिला तिथून बाजूला नेलं. पुढे त्या दोघांच्याही घरचं पाणी तो कधी प्यायला नाही.

ओचिलो न्यांग्वेसो १९८६ सालच्या ऑगस्ट महिन्यात, दुसऱ्या शुक्रवारी, सरोवरात बुडून मेला.