खेळायला आणलं, प्लास्टिकात कोंडलं

फर्रकन कागद फाटला आणि भांडुपच्या त्या घरातली दुपारची शांतता मोडली. मित्रांनो, तोच माझा जन्म. मी राक्षसांच्या पत्त्यांचा एक संच आहे. जुना म्हणवून घ्यायचं, तर जुनं व्हायला आधी वापरलं जावं लागतं. ते सुख मला कुणी दिलंच नाही. म्हणून आज मी गोड बोलणार नाही.

दुकानात माझ्या शेजारी पऱ्यांचे पत्ते होते. मला विकत घेणाऱ्या जान्हवीचा सगळा जीव त्यांच्यात. पण ती दहिसरहून इथे नुकतीच राहायला आलेली, तिला अजून कुणी खेळायला घेत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या सिद्धेशला तिने आधीच विचारून ठेवलं होतं, जिन्यात पोरं खेळतात तिथे कुठले पत्ते चालतात म्हणून. राक्षसांचे, तो म्हणाला होता. तिने पऱ्यांकडे एकदा बघितलं आणि मला उचललं. चार जणांत बसायला मिळावं म्हणून एवढ्याशा पोरीने आपली आवड बाजूला ठेवली. मोठ्यांना जमतं का हो हे?

आमच्या खेळाची रीत सोपी. सगळ्यांनी आपापले पत्ते एकाच ढिगात टाकायचे, पिसायचे आणि न बघता एकेक ओढायचा. ज्याचा राक्षस बलवान, तो जिंकला. यात आमचे कोपरे मुडपतात, घामाचे डाग पडतात. पडू देत की!

पण जान्हवीची आई दीप्ती. तिच्या घरात रिमोटला प्लास्टिक, सोफ्यावर चादर, त्या चादरीवर आणखी एक चादर. लेक शाळेत गेल्यावर तिने मला झेरॉक्सवाल्याकडे नेलं आणि एकेक पत्ता लॅमिनेट करून आणला. तापलेल्या रुळांमधून जाताना माझा श्वास कोंडला. आता कशी वर्षानुवर्षं टिकतील, असं ती लेकीला मायेने म्हणाली. माया होती, म्हणूनच जास्त संताप येतो.

संध्याकाळी जिन्यात सिद्धेश पिसायला लागला. मी इतरांत मिसळेचना. जाड, गुळगुळीत, हातातून निसटून पायऱ्यांवर घसरत गेलो.

"ए जान्हवी, पत्ते आहेत की आधार कार्डं?"

सगळे हसले. मग तो म्हणाला, डोळे मिटूनसुद्धा कळतं कुठला पत्ता हिचा, असं नाही चालत यार, तू नुसती बघत बस. ती बसली. बघत.

मित्रांनो, हात लागू न देणं म्हणजे जपणं, हे कुणी ठरवलं? तुमच्या कपाटात असं काही कोंडलेलं असेल तर बाहेर काढा. मळवा, दुमडा, भांडणात फाडा हवं तर. पण खेळा.

लेकीकडून हे कळल्यावर त्या रात्री जेवणाआधी दीप्ती कात्री घेऊन प्लास्टिक सोलायला बसली. सोलताना एका राक्षसाचा चेहराच प्लास्टिकला चिकटून निघून आला. मागे उरला पांढरा कागद.

"खराब होऊ नयेत म्हणूनच केलं ना गं मी," ती हळूच म्हणाली.

जान्हवी त्या कागदावरून बोट फिरवत राहिली.

"आई, खराब झाले असते तर काय झालं असतं?"