टाकीकडचं वळण

"काका, रेसच्या गाडीले बैलगाडीची मोटर मागून राहिले तुम्ही!" जितेंद्रनं हातातला डबा पुन्हा काचेच्या कपाटात ठेवला. "काहून जी? मले कारण तर सांगा."

मार्तंडरावांनी चष्मा काढून पुसला. उभी हयात विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेलेला माणूस ‘काहून’ला लगेच उत्तर देत नसतो.

"बॅटरी तापते," ते म्हणाले. "मोटर फार पळणारी असली की बॅटरी तापते. ती टिकली पाहिजे."

"बॅटरी मीच देल्ली तुम्हाले. माही बॅटरी तापते म्हणता?"

"तुझी नाही रे. एकंदरीत सगळ्याच तापतात."

‘एकंदरीत’ हा मार्तंडरावांचा ठेवणीतला शब्द. तो निघाला की पुढे विचारण्यात अर्थ नाही, हे त्यांच्या कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक होतं.

नंदनवन वस्तीतलं जितेंद्रचं हे दुकान उन्हाळ्यात कूलरचं असे आणि एरवी त्याच्या हौसेचं. खसच्या ताट्या आणि कूलरचे पंप यांच्या आड ते काचेचं कपाट होतं. रिमोटवर पळणाऱ्या, हातभर लांबीच्या रेसच्या गाड्यांचे सुटे भाग त्यात मिळत. घरची शेती मौद्याकडे. ती भाऊ करायचा आणि जितेंद्र वर्षातून दोनदा जाऊन त्याला सल्ला देऊन यायचा. भावाच्या मते सल्ला न देता आला असता तर पीक जास्त झालं असतं.

मार्तंडरावांनी निवृत्तीनंतर स्वतःसाठी घेतलेली पहिली वस्तू म्हणजे त्यांची लाल गाडी. त्याआधी त्यांनी स्वतःसाठी काय घेतलं होतं, असं विचारलं तर त्यांच्या बायकोला, ताराबाईंना, बराच वेळ आठवावं लागलं असतं. त्या गाडीची जुनी, ब्रशवाली, पण तेज मोटर आता जळून गेली होती. तसली मोटर हल्ली कोणी घेत नाही, सगळे ब्रशलेसवर गेले, असं सांगून जितेंद्रनं गाडीचा वरचा पत्रा काढून ती काउंटरवर घेतली होती. एक मोटर तो खोबणीत बसवून पाहत होता.

"हे पहा, ही लांबीलेच अडून राहिली. मागून सस्पेन्शनले टेकते. ही नाही चालत." त्यानं दुसरी घेतली. "ही बसते. दांडाही तुमच्या पिनियनच्या, या दातेरी चकतीच्या, छिद्रात बराबर जाते. आता पाहाचा राहिला आकडा. एका व्होल्टात किती गरगरते त्याचा हा आकडा. पोरं साडेतीन हजाराच्या खाली उतरत नाहीत. तुम्ही मागून राहिले एकोणीसशेची! तुमच्या जुन्या मोटरहूनही मंद हाय ते."

"तीच दे."

"अन् शेवटचे आले तर माहं नाव नका घेऊ."

"सेन्सरवाली आहे ना पण?" मागून ताराबाईंचा आवाज आला. कूलरच्या पंपांजवळच्या स्टुलावर त्या हेल्मेट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "बिनसेन्सरची सुटताना झटके खाते. सुरुवात मऊ पाहिजे."

दोघेही वळून त्यांच्याकडे पाहत राहिले.

"पाहता काय? दर रविवारी टिफिन घेऊन येते मी तिथे. कानात बोळे घालून बसते असं वाटलं का तुम्हाला?"

"हे घ्या! काकूंनाच बसवा दुकानात," जितेंद्र हसला. "सेन्सरवालीच हाय काकू. एक सांगा काका, चालवणार तर तुम्हीच ना? हात पाहूनच मोटर द्या लागते, म्हणून इचारतो."

"म्हणजे काय? दुसरं कोण चालवणार?"

ताराबाईंनी हेल्मेट डोक्यावर चढवलं. परत जाताना स्कूटर त्याच चालवत होत्या आणि मार्तंडराव मागे खोका मांडीवर घेऊन बसले होते.

दिवाळीपासून हे असंच चाललं होतं. स्कूटर का सोडली? तर गुडघ्याला ताण नको. पेपर का बंद केला? तर त्यात हल्ली वाचण्यासारखं काही नसतं. टीव्हीला नाक लावून का बसता? तर आवाज नीट येत नाही. मार्तंडरावांकडे कारणांचा साठा मोठा होता आणि प्रत्येक कारण एकट्यानं पाहिलं तर अगदी रास्त वाटे. ताराबाई मात्र ती सगळी शेजारी शेजारी मांडून पाहत होत्या.

खरं कारण एकच होतं. पेन्शनच्या कामाला म्हणून ते एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. डॉक्टर म्हणाले, मागच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, चष्म्यानं ते भरून निघायचं नाही. पायाशी असलेलं त्यांना ठीक दिसे. बारीक अक्षर आणि लांबचं मात्र, जिथे नजर लावावी तिथेच, पाण्यात साखर विरावी तसं विरघळून जाई.

मनीषनगरच्या टोकाला एका रिकाम्या प्लॉटवर जुने टायर मांडून आणि चुन्याच्या रेघा ओढून अशा गाड्या पळवणाऱ्यांच्या क्लबनं ट्रॅक केला होता. मचाणावर उभं राहून गाड्या चालवायच्या. पलीकडच्या पाण्याच्या टाकीकडचं वळण सगळ्यात लांबचं. लाल गाडी चुन्याचा आडवा पट्टा ओलांडून गेली की मार्तंडरावांना ती दिसेनाशी होई, आणि वळण घेऊन अलीकडे आली की पुन्हा दिसे. मधल्या वेळात काय करायचं, ते त्यांनी शोधून काढलं होतं. पट्टा ओलांडला की पुटपुटायचं, "जय गजानन, जय गजानन." दुसऱ्या गजाननाला रिमोटचं चाक फिरवायचं. कधी चुकलं नाही. क्लबातल्या पोरांना वाटे, काका भाविक आहेत. ताराबाईंना तसं वाटत नव्हतं. घरी देवापुढची उदबत्तीसुद्धा बायकोकडून लावून घेणारा माणूस रविवारी सकाळी मचाणावर भक्त कसा होतो, याचा त्यांना विचार पडला होता.

गाडी हळू झाली तर डोळ्यांना तिला शोधायला सवड मिळेल, असा मार्तंडरावांचा हिशेब होता. ‘काका आता थांबा’ असं कोणी म्हणण्याआधी त्यातून एखादं वर्ष निघालं असतं. क्लबात ‘काका’ म्हणून जी जागा होती, ती त्यांना उभ्या नोकरीत कधी मिळाली नव्हती.

पुढच्या रविवारी नवी मोटर बसवून लाल गाडी ट्रॅकवर उतरली.

क्लबाचा नियम असा की एका रेसचे लोक पुढच्या रेसला मार्शल होतात. नारंगी जाकीट घालून वळणावळणावर उभं राहायचं आणि कोणाची गाडी पलटली की सरळ करून द्यायची. त्या दिवशी टाकीकडच्या वळणावर भूमिका उभी होती. बँकेत नोकरी करणारी आणि तोंडानं फटकळ अशी ती पोरगी क्लबातली सगळ्यात वेगवान ड्रायव्हर होती.

गाडी मऊ सुटली. आवाजही वेगळा, बारीक शिटीसारखा. मार्तंडराव खूश झाले. गाडीनं चुन्याचा पट्टा ओलांडला आणि तरीही विरघळली. हळू गेली, पण विरघळलीच. अंगठ्याला आणि ओठांना मात्र जुनी सवय. जय गजानन, जय गजानन. दुसऱ्या गजाननाला त्यांनी चाक फिरवलं.

हळू गाडीला वळण अजून यायचंच होतं. गाडी टायरवर चढली, उडाली आणि भूमिकाच्या नडगीवर जाऊन आदळली.

"आई गं!" भूमिका खाली बसली. "काका! इतकी मोठी मी उभी आहे ना यार इथे! दिसली नाही का?"

ती गमतीनंच बोलली होती. पण मचाणावरच्या माणसानं चष्मा काढून पुसायला घेतला, तसं तिचं हसू ओसरलं.

"मोटर नवी आहे," मार्तंडराव म्हणाले. "हात बसायचा आहे अजून. एकंदरीत..."

त्यांनी रिमोट खाली ठेवला.

"माहीच चूक हाय," जितेंद्र पुढे झाला. "स्टिअरिंगचा स्क्रू ढिला राहिला असन." स्क्रू ढिला नव्हता. ते त्याला ठाऊक होतं.

ताराबाई तोवर थंड पाण्याची बाटली घेऊन भूमिकाजवळ पोचल्या होत्या. नडगीवर चांगलं टेंगूळ आलं होतं.

घराच्या वाटेवर एका सिग्नलला स्कूटर थांबली, तेव्हा ताराबाईंनी मागे न पाहता विचारलं, "गजाननाला त्या वळणावर कधीपासून उभं केलंय?"

मार्तंडरावांनी मांडीवरची गाडी सरळ केली.

"मी विचारून राहिली आहे."

"दिवाळीपासून."

"डॉक्टरकडे जाऊन आलात?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? पेन्शनच्या कामाला गेलेला माणूस डोळ्यात थेंब घालून येतो का? दिवसभर बाहुल्या मोठ्या दिसत होत्या तुमच्या." सिग्नल सुटला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. "थांब रे बाबा! कुठे आग लागली आहे का?"

बरंच पुढे गेल्यावर मागून आवाज आला, "पोरीचा पाय मोडला असता."

"मोडला नाही."

"गाडी जितेंद्रला देऊन टाकतो. ती मोटर आता कोणाला बसणार? पोरांना मंद, मला..."

"मला बसेल," ताराबाई म्हणाल्या.

"काय?"

"हवा लागते, ऐकू येत नाही का? मला बसेल म्हटलं. सेन्सरवाली कशाला मागितली मी? मऊ सुटते. शिकणाऱ्या हाताला तशीच लागते."

"म्हणजे त्या दिवशी दुकानातच तू..."

"त्या दिवशी दुकानात मी नुसती बसले होते," ताराबाई म्हणाल्या. कारणं देण्याची विद्या इतक्या वर्षांत थोडी त्यांनाही लागली होती.

त्यानंतर संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये लाल गाडी फिरू लागली. रिमोट ताराबाईंच्या हातात आणि मार्तंडराव खुर्चीवर. पाहायचं असं काही नव्हतं, ते ऐकत.

"आता थ्रॉटल सोड. सोड, सोड! वळताना दाबून धरतात का?"

"ओरडू नका. तुमचे कचेरीतले नाही मी."

"कचेरीत मी कोणावर ओरडलो नाही."

"तेच तर. सगळं माझ्यासाठी शिल्लक राहिलं!"

वरच्या मजल्यावरच्या रुखमाबाई गॅलरीतून हे सगळं पाहत. त्यांचं मत होतं की या वयात हे शोभत नाही. पण पाहायला रोज येत.

फेब्रुवारीच्या शेवटी क्लबाची वार्षिक रेस होती. ट्रॅकवर जितेंद्र माइक घेऊन एकेकाला पुकारत होता. लाल गाडीपाशी आल्यावर त्यानं माइक खाली केला.

"काका, चालवणार तुम्हीच ना?"

मार्तंडरावांनी चष्मा पुसला. या वेळी पुसायलाही फार वेळ लावला नाही.

"नाही. तारा चालवणार. मला लांबचं दिसत नाही आता."

तेवढंच. ‘एकंदरीत’ नाही, बॅटरी नाही. जितेंद्रनं माइक तोंडाशी धरला. "लाल गाडी, ताराबाई!" तो इतक्या जोरात ओरडला की माइक किंचाळला.

"अन् मला एक जाकीट दे," मार्तंडराव म्हणाले. "टाकीकडच्या वळणावर उभा राहतो."

"तिथं नका जी. गाड्या लय जोरात येतेत."

"पायाशी आलेलं दिसतं मला. येताना ऐकूही येतं."

जितेंद्रनं भूमिकाकडे पाहिलं. ती आपली गाडी सुरुवातीच्या रेघेवर लावत होती. "देऊन टाक ना जितूभाऊ," ती म्हणाली. "माझी नडगी तर आज मचाणावर आहे."

नारंगी जाकीट मार्तंडरावांना सैल झालं. चुन्याच्या रेघेला धरून ते चालत वळणापर्यंत गेले आणि टायरांच्या मागे उभे राहिले. इतके दिवस जे वळण विरघळत होतं, ते आता पायाशी होतं. मातीत चाकांचे चरे पडले होते, एका टायरावर मोठ्या अक्षरांतलं ‘हवा भरून मिळेल’ अजून वाचता येत होतं.

रेस सुटली. गाड्या शिट्या घालत आल्या आणि गेल्या. सगळ्यांच्या मागून एक सावकाश, बारीक शिटी येई. ती लाल गाडी. भूमिका तिला एका फेरीनं मागे टाकायला आली, ताराबाई बाजू द्यायला गेल्या आणि नको तिथेच दोघींच्या गाड्या एकमेकींत अडकून वळणावर पलटल्या.

नियम असा की जवळची गाडी आधी. जवळची भूमिकाची होती. तिची चाकं हवेत गरगरत होती, त्या आवाजावर मार्तंडराव वाकले. गाडी सरळ करून त्यांनी हात काढून घेतला, तशी ती सुसाट निघाली.

आता दुसरी. पण दुसरीचा आवाजच नव्हता. गाडी पलटली की थ्रॉटल सोडायचा, उचलणाऱ्याच्या बोटांना लागू नये म्हणून, हे त्यांनीच ताराबाईंना शिकवलं होतं. बाकी कोणी हा नियम पाळत नसे. ताराबाईंनी पाळला होता. धुरळ्यात लाल काही दिसेना. मार्तंडराव हात पुढे करून तसेच वाकून राहिले.

मचाणावरून त्यांची ती वाकलेली पाठ ताराबाईंना दिसली असावी. टायरामागून थ्रॉटल जरासा दाबल्याची अगदी हलकी, बोटभर शिटी आली आणि लगेच थांबली. मग पुन्हा एकदा.

मार्तंडरावांचा हात गाडीवर पडला. त्यांनी ती उचलली, पुढच्या चाकात अडकलेली काडी काढली, तोंड वाटेकडे करून खाली ठेवली आणि मागे सरले. गाडी झटका न खाता निघाली.

ते सरळ उभे राहिले. शिटी लांब गेली, मचाणाखालून फिरली, पुन्हा इकडे येऊ लागली. चुन्याचा पट्टा कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. शिटी तिथवर आली तसे त्यांचे ओठ हलले.

जय गजानन. जय गजानन. शिटी सरळच येत राहिली.

जय गजानन, ते तिसऱ्यांदा म्हणाले, आणि गाडी त्यांच्या पायाशी सावकाश वळली.