शीर्षकापाशी अडलेला कर्सर

मी बनवलेल्या पानावर मैनुद्दीनभाईंना लिहिता येईना, आणि मला राग आला तो माझ्याखेरीज सगळ्यांवर.

आमच्या हिंजवडीच्या कंपनीत परदेशातल्या डॉक्टरांनी बोलून पाठवलेले अहवाल टाइप करायचं काम चालतं. मैनुद्दीनभाई ते कित्येक वर्षं करत होते. त्यांना दिसत नाही. एका कानात डॉक्टर, दुसऱ्या कानात पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. माऊस त्यांच्या काय कामाचा? सगळा कारभार कीबोर्डवर. मग वरून हुकूम आला, आता सगळं ब्राउझरमध्ये. लिहायचं पान बनवलं मी. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एक शीर्षक, कोणी खोडू नये म्हणून कुलूप लावलेलं. खालचा बाण दाबला की कर्सर त्या शीर्षकापाशी येऊन अडायचा. डोळस लोक पुढच्या रकान्यात क्लिक करून मोकळे व्हायचे. मैनुद्दीनभाईंना मात्र आपण अडलोय हेच कळायचं नाही, कारण वाचणारा आवाज नेमका तिथेच गप्प व्हायचा.

मी दुरुस्ती केली. एका ब्राउझरमध्ये कर्सर चालू लागला, तर दुसऱ्यात थेट पानाच्या टोकाला उडी मारू लागला. तिथे आवर घातला, तर वर जाईना. शोधल्यावर कळलं, दोष ब्राउझरमध्येच आहे. जगभरचे लोक त्याच्या नावानं बोटं मोडतायत आणि बनवणारे 'बघू' म्हणून बसलेत. आमचे मॅनेजर मच्छिंद्रसर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." अंगण खरंच वाकडं होतं हो, पण पटवणार कोणाला? शीर्षकांची कुलपं काढू या म्हटलं, तर क्लायंट ऐकेना. भाईंपुरतं जुनं सॉफ्टवेअर ठेवू या म्हटलं, तर ते केव्हाच बंद केलेलं.

रोज दुपारी भाईंचा फोन यायचा.

"मॅडम, जरा बघता का, मी आत्ता कुठल्या रकान्यात आहे?"

मी जिना उतरून जायची, बघायची, सांगायची. या माणसानं इतक्या वर्षांत कामासाठी कोणाची मदत मागितली नव्हती. मला लाज वाटायची. पण तेवढंच माझ्या हातात होतं.

मग तो अहवाल आला. एका बाईंना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. भाईंनी ऐकलं बरोबर, टाइपही बरोबर केलं. कर्सर तेवढा ॲलर्जीच्या रकान्यात गेलाच नव्हता. 'पेनिसिलिन' जाऊन बसलं त्याच्या वरच्या, चालू औषधांच्या रकान्यात. तपासणाऱ्या मुलीनं पकडलं म्हणून निभावलं.

मच्छिंद्रसर काही बोलायच्या आतच भाईंनी काम सोडत असल्याचं कळवून टाकलं. मी धावत खाली गेले. ते हेडफोनची वायर गुंडाळत होते. मी म्हटलं, थोडे दिवस थांबा, दोष तुमचा नाही. माझाही नाही, तो ब्राउझरचा आहे.

"तेच तर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "माझी चूक असती तर मी सुधारली असती. तुमची असती तर तुम्ही सुधारली असती. तुम्ही म्हणता दोघांचीही नाही. मग थांबू कशासाठी?"