रायपुरात वाचलेली मार्था

“हे थडगं कोणाचं दाखवून राहिले?” विनोदिनीबाईंनी अंधारात विचारलं.

“मार्था का है, आजी. पायलट की बहन.” नात गंधालीचं लक्ष पडद्यावर होतं.

“मार्थाचं? ते काहून मरन? वाचली होती ना ते.”

“नहीं आजी. वो तो पहले पार्ट में ही डूब गई थी. सबको मालूम है.”

पडद्यावर आकाशातून यानं उतरत होती, खुर्चीखालून ढोल वाजल्यासारखे हादरे येत होते, पण विनोदिनीबाईंना त्याची भीती नव्हती. त्यांना भीती होती ती सोमवारची.

सोमवारी त्यांचा मुलगा भार्गव, गंधालीचा बाप, पुण्याहून यायचा होता. आईला डोक्याच्या डॉक्टरकडे दाखवायचं, आणि काही निघालं तर रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घराला कुलूप लावून तिला सोबत न्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्याचंही काही चुकत नव्हतं. गेल्या महिन्यात त्यांनी गॅस दोनदा उघडा ठेवला. आणि एकदा पुरानी बस्तीतल्या देवळातून परतताना, जन्मभराच्या ओळखीच्या गल्लीत, डावीकडे वळायचं की उजवीकडे, ते त्यांना आठवेना. एका भाजीवाल्याने घरी आणून सोडलं होतं.

म्हणून त्यांनी स्वतःचीच एक परीक्षा ठरवली होती. हा सिनेमा. त्याचा पहिला भाग तेहेतीस वर्षांपूर्वी रायपुरात लागला तेव्हा त्या टॉकीजमध्ये बायकांच्या तिकीट खिडकीवर बसत, आणि त्यांचे यजमान नरहरी वर प्रोजेक्टरच्या मशीनवर ऑपरेटर होते. तीन आठवडे हाऊसफुल. खिडकी बंद केली की विनोदिनीबाई शेवटच्या रांगेत येऊन बसायच्या. पंधरा-वीस वेळा तरी पाहिला असेल. पुढे लोक वाट पाहून थकले, टॉकीज पाडून तिथे कपड्यांचं दुकान झालं, नरहरी गेले, आणि आता कुठे दुसरा भाग आला होता. पहिला जर नीट आठवला, तर माझं डोकं शाबूत आहे, असं त्यांनी मनाशी बोलून ठेवलं होतं.

आणि पहिल्याच मिनिटाला त्या नापास झाल्या होत्या.

त्यांनी डोळे मिटून पुन्हा आठवून पाहिलं. समुद्राखालचं शहर फुटतं. मार्था पाण्यात नाहीशी होते. भाऊ काचेवर हात आपटतो. सगळं थिएटर चिडीचूप. आणि मग मोठ्या दरवाज्यापाशी तीच मार्था उभी, दोन्ही हातांनी चाक फिरवून दरवाजा उघडते आहे. काय शिट्ट्या पडायच्या! शेवटी ती दिसत नाही, कारण ती दरवाजा राखायला मागे थांबते. इतकं लख्ख दिसत होतं. मग हे सगळं माझ्या डोक्याने रचलं की काय? आणि हे रचलेलं असेल, तर बाकीचं काय काय रचलेलं आहे?

इंटरवलला गंधाली समोसे आणायला गेली. विनोदिनीबाई बाहेरच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी बंडूला फोन लावला. बंडू नरहरींच्या हाताखाली रिळं गुंडाळायचा. आता भनपुरीत मुलाकडे राहत होता.

“बंडू, खरं सांगजो. मार्था मेली होती का वाचली होती?”

तिकडून ट्रकच्या आवाजावर आवाज चढवत बंडूने उलट विचारलं.

“वहिनी, तुमी तो नवीन पिक्चर पाहून राहिल्या का?”

“मी काय विचारून राहिली?”

“मेली होती, वहिनी.”

त्यांनी बाकाची कड घट्ट धरली.

“पण आपल्या रायपुरात वाचली होती,” बंडू म्हणाला. “रिळांच्या डब्यांची झाकणं बदलून आली होती. नरहरीभाऊनं सहाच्या आधी सात नंबरचं रीळ लावलं. पोट्टी आधी बुडाली अन् मंग दरवाजा उघडाले आली. दुसऱ्या दिवशी भाऊच्या ध्यानात आलं. पण पब्लिक खुश होती, मालक म्हणे, अब वैसाइच चलने दो. भाऊ दोन दिवस जेवले नाई.”

“मले काहून नाई सांगितलं?”

“तुमी खिडकीतून बायांले सांगत होत्या ना, रडू नका, पोट्टी वापस येते म्हणून. भाऊ म्हणे, तिले कोन्या तोंडानं सांगू. मले शपथ घातली होती. आता तुमीबी कोणाले सांगू नका, वहिनी. त्या माणसानं आयुष्यात येवढीच एक चूक केली.”

टीव्हीवर तो पहिला भाग लागला की नरहरी उठून बटण बंद करायचे. छोट्या पडद्यावर काय पाहायचं, म्हणायचे. विनोदिनीबाईंना वाटायचं, ऑपरेटरची ऐट.

त्यांनी फोन पदराला पुसला. भीती एकदम गेली नाही. गल्ली विसरल्या ते खरं होतं, गॅसही खरा होता. पण मार्था त्यांनी रचली नव्हती.

गंधाली समोसे घेऊन आली. आजीच्या चेहऱ्याकडे पाहत ती शेजारी बसली.

“आजी, बुरा मत मानना. पापा ने पूछा था कि आपको पहला पार्ट कितना याद है. मैं क्या बोलूं?”

“मी काय म्हणलं ते सांग.”

“मगर वो तो गलत था न.” गंधाली ओशाळून हसली. “दादाजी होते तो झट से बता देते. पापा बोलते हैं, उनसे पूरी नौकरी में एक रील इधर की उधर नहीं हुई.”

एक वाक्य पुरे होतं. ते ओठांपर्यंत आलंही. बंडूचा नंबर अजून फोनवर दिसत होता.

“हव,” विनोदिनीबाई म्हणाल्या. “माझंच चुकलं असन. विसरली मी.”

“तो बता दूं?”

“सांग. सोमवारी जाऊ डॉक्टरकडे. पाहू काय म्हणते तो.”

आत पुन्हा अंधार झाला. यंत्रांची फौज शहरावर चालून आली, आणि आवाज इतका मोठा होता की विनोदिनीबाई खरोखरच दचकल्या. पुढच्या रांगेतली एक बाईही दचकली. कधी नव्हे ते त्यांना त्या भीतीची मजा वाटली. शेजारी गंधालीचा चेहरा निळा दिसत होता. ती मोबाइलवर वडिलांना ‘आजी भूल गई’ असं लिहीत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती.

विनोदिनीबाई तिच्याकडे झुकल्या.

“फोन ठेव, बेटा. मागच्या लोकांच्या डोळ्यावर उजेड येते.”

गंधालीने बोटाने एकदा ‘सेंड’ दाबलं आणि फोन पर्समध्ये टाकला.