शंभरपैकी अडुसष्ट

सुचेता केळकर मार्क देताना हात आखडता घेई, आणि त्याचा तिला मनापासून अभिमान होता. पुण्याच्या एका कॉलेजात तिने बरीच वर्षं इतिहास शिकवला आणि दर उन्हाळ्यात घामाघूम होत विद्यापीठाचे पेपर तपासले. तिच्या हातून साठ मिळाले की मुलं पेढे वाटत. पासष्टच्या वर जाताना तिचं लाल पेन आपसूक अडखळे, कारण त्याच्या वर दिले की मॉडरेटर तो पेपर मागवून घेणार आणि चष्म्यावरून बघत विचारणार, ‘बाई, एवढं काय दिसलं तुम्हाला यात?’ शंभरपैकी शंभर फक्त गणितवाल्यांना देता येतात, आणि तेही त्यांना दुसरा इलाज नसतो म्हणून, असं तिचं मत होतं.

मग तिच्या नवऱ्याला, नरेंद्रला, त्याच्या बँकेने टोकियोला पाठवलं. तीन वर्षांचं पोस्टिंग दोनदा वाढलं. मुलगी जुई आठवीत असताना आली ती कोतोच्या इंडियन स्कूलमधून बाहेर पडून थेट त्सुकुबाच्या युनिव्हर्सिटीत गेली, तिथेच खोली घेऊन राहायला लागली. नरेंद्र महिन्यातले निम्मे दिवस जकार्ता नाहीतर सिंगापूरला. टोकियोलगतच्या उरायासुतल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सुचेता, एक इस्त्रीचं टेबल आणि कोणत्या वारी कोणता कचरा टाकायचा याचा भिंतीवर चिकटवलेला तक्ता एवढेच उरले. दिवसचे दिवस तिच्या तोंडून मराठी शब्द निघत नसे. कधी कधी ती भाजी चिरताना मुद्दाम मोठ्याने म्हणे, ‘मीठ कुठे ठेवलं बाई मी?’ मीठ समोरच असे.

म्हणून तिने नोकरी धरली. तोयोचोला एका इमारतीत एक छोटी कंपनी होती, जिथे खेळांचे व्हिडिओ बघून त्यातल्या हालचालींची नोंद करत. सुरुवातीला बेसबॉल, मग अमेरिकन फुटबॉल. ह्या फुटबॉलमध्ये पायाचं काम बेताचंच. हेल्मेट घातलेली अकरा दांडगी मुलं दोन्हीकडे टोकदार असलेला चेंडू हातात घेऊन पुढे घुसायला बघतात आणि समोरची अकरा त्यांना आडवी पाडतात. अमेरिकेत कॉलेजात हा खेळ खेळणाऱ्या हजारो मुलांतून व्यावसायिक संघ दर वसंतात मोजकी मुलं उचलतात. त्या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. निवडलं तर आयुष्य बदलतं, नाहीतर मुलगा आपल्या गावी जाऊन दुसरं काहीतरी बघतो. अमेरिकेतली एक संस्था त्या संघांना मुलांचे अहवाल विकायची आणि त्यातल्या अडवणाऱ्या मुलांची पहिली चाळणी तोयोचोच्या ह्या ऑफिसात होई.

सुचेता हाडाची मास्तरीण. शेजारच्या टेबलावरचा ओनो-सान कॉलेजात हा खेळ खेळलेला होता. त्याच्याकडून तिने नियम सिलॅबससारखे उतरवून घेतले आणि दोन महिन्यांत त्यालाच त्याच्या चुका दाखवायला लागली. ओनो-सान हसून मान लववायचा. जेवणाच्या सुट्टीत मात्र सगळे आपापल्या टेबलावर आपापला डबा उघडत आणि स्क्रीनकडे बघत जेवत. तिनेही तेच करायला सुरुवात केली, आणि तिच्या स्क्रीनवर बहुतेक वेळा सत्तावीस नंबर असे.

त्याचं नाव डेव्हन हॉब्स. मध्य अमेरिकेतल्या कुठल्याशा लहान कॉलेजचा सेफ्टी. सेफ्टी म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा असलेला शेवटचा माणूस. पुढचे दहा जण फसले तर ह्याने वाचवायचं. व्हिडिओ खूप उंचावरून घेतलेला असे, त्यामुळे तिने त्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता. पण मान तिरकी करून वाट बघत उभं राहण्याची त्याची तऱ्हा तिला हजारांत ओळखू आली असती. चेंडू फेकणारा मुलगा आधी त्याच्या दिशेने बघे, तिथे हा आधीच पोचलेला असे, मग तो नाइलाजाने चेंडू दुसरीकडे फेके. म्हणजे सत्तावीस आपलं काम जितकं चोख करी तितकं त्याच्या बाजूला काहीच घडत नसे. समोरच्यांना अडवलं की पुढची मुलं आनंदाने एकमेकांच्या अंगावर उड्या मारत. हा इतक्या लांबून धावत येई, की पोचेपर्यंत सगळे पांगलेले असत. मग रिकाम्या जागी क्षणभर थांबून तो परत आपल्या जागेवर जाई.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने व्हिडिओ थांबवला आणि उगीच चहा करून आली.

हिवाळ्यात अमेरिकेतून निरोप आला, की आता नुसत्या नोंदी नकोत, प्रत्येक मुलाला शंभरपैकी मार्क द्या. ऑफिसात बाकीच्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सुचेताच्या अंगात मात्र वारं संचारलं. एवढ्या वर्षांनी कोणीतरी तिला तिचं काम दिलं होतं! ती डोळ्यांत तेल घालून बसली. बावन्न. सत्तेचाळीस. एकसष्ट. शेऱ्याच्या चौकटीत सगळ्यांसाठी तिचं जुनंच वाक्य, इंग्रजीत: ‘सुधारणेला वाव आहे.’ सत्तावीस नंबरपाशी ती दोन दिवस अडली. शेवटी तिने आयुष्यात कोणालाही न दिलेले मार्क दिले. अडुसष्ट. देताना तिला मॉडरेटरचा चष्मा दिसला, पण ती मागे हटली नाही.

ऑफिसचे प्रमुख इशिगुरो-सान तिच्या टेबलापाशी आले, कागद चाळून म्हणाले, “सुचेता-सान, तुम्ही फार कडक आहात हं.” तिने ते कौतुक समजून लाजत मान लववली. पुण्यात ते कौतुकच झालं असतं. इशिगुरो-सानना विचारायचं होतं, असं का? पण जाणकार माणसाच्या मताला टोकणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. तेही मान लववून गेले. दोघांनी अशी छान मान लववली आणि एका मुलाचं नशीब मधल्यामध्ये पडलं.

फेब्रुवारीत पुढच्या फेरीची नावं आली. तिने ती दोनदा वाचली. ओनो-सानने तपासलेली मुलं होती, पलीकडच्या टेबलावरचीही होती. तिचं एकही नव्हतं. सत्तावीस नव्हता.

ती इशिगुरो-सानच्या केबिनमध्ये गेली. “हॉब्सचं नाव राहिलंय,” ती म्हणाली. “टायपिंगची चूक असेल.”

“हॉब्स?” त्यांनी शोधलं. “तुम्ही त्याला अडुसष्ट दिलेत.”

“हो ना. अडुसष्ट!”

इशिगुरो-सान मग हळू म्हणाले, “सत्तरच्या खालची नावं तिकडे आपोआप गळतात. त्यांचे व्हिडिओ कोणी उघडत नाही. ओनो-सानने साधारण मुलांना ऐंशी दिलेत. फार चांगल्यांना नव्वदच्या वर. सगळे तसंच देतात.”

“पण साठ म्हणजे फर्स्ट क्लास,” ती म्हणाली. आपण कुठे उभं राहून काय बोलतोय ते तिला ऐकू आलं आणि तिने जीभ चावली. “आमच्याकडे. इशिगुरो-सान, मी ह्याच्यापेक्षा जास्त मार्क कधी कोणाला दिलेले नाहीत. तो माझा सगळ्यांत चांगला मुलगा आहे.”

इशिगुरो-साननी दातांतून हवा आत ओढली. त्याचा अर्थ ‘कठीण आहे’, हे तिला एव्हाना कळत होतं. अहवाल गेलेला होता. आता चूक कबूल करायची म्हणजे ती सगळ्या ऑफिसची होणार होती, आणि एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या संस्थेशी असलेला करार संपत होता. “जाऊ द्या, असं म्हणणं तुम्हाला जमेल का?” त्यांनी फार अदबीने विचारलं.

सुचेता भिडस्त नव्हती, पण ह्या देशात आल्यापासून झाली होती. शिवाय नोकरी गेली तर दिवसभर मिठाशी बोलण्याखेरीज तिला दुसरं काही उरलं नसतं. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिला तो रिकाम्या जागी थांबलेला मुलगा दिसला. “नाही जमणार,” ती म्हणाली. “चूक माझी आहे, माझ्या नावानेच कळवा. मी सगळे परत तपासते.”

शेवटी इशिगुरो-साननी होकाराची मान हलवली. माणूस सज्जन होता.

तिने सगळे अहवाल नव्याने केले. मार्क वाढवताना तिला दर वेळी आपण कॉपी करतोय असं वाटे. सत्तावीसला तिने एक्क्याण्णव दिले, आणि दोन्ही आकडे लिहिताना दातांखाली खडा आल्यासारखं तोंड केलं. खरी पंचाईत शेऱ्याशी झाली. ‘सुधारणेला वाव आहे’ खोडलं तर तिथे लिहायचं काय? निखळ चांगलं म्हणायची तिला सवयच नव्हती. बऱ्याच वेळाने तिने लिहिलं, ‘हा मागे उभा असतो म्हणून बाकीचे दहा निर्धास्तपणे पुढे जातात. ह्याला बघायचं असेल तर चेंडूवरची नजर काढावी लागते.’ मग जोडलं, ‘मला हा फार आवडतो.’ ऑफिसच्या अहवालात असं लिहीत नाहीत हे तिला ठाऊक होतं. तिने ते तसंच ठेवलं.

तिकडून सभ्य उत्तर आलं. आभार, नवे अहवाल संघांना पाठवले आहेत. मात्र संघ जिथे मुलांना समोर खेळवून बघतात त्या चाचणी शिबिराची आमंत्रणं आधीच गेली असल्याने तिथे काही करता येणार नाही. करार टिकला. अहवालाच्या पहिल्या पानावर फक्त एक सूचना वाढली, की उत्तम म्हणजे नव्वदच्या पुढे. ओनो-साननेही त्यावरून कधी थट्टा केली नाही, आणि तिला उलट वाटलं, की केली असती तर बरं झालं असतं.

एप्रिलच्या अखेरीस ड्राफ्ट तीन दिवस चालला. शेवटच्या फेऱ्या जपानातल्या रविवारी सकाळी संपत होत्या. नरेंद्र जकार्ताला. सुचेताने पोहे केले आणि फोन डब्याला टेकवून एकेक नाव वाचत बसली. ओनो-सानने ऐंशी दिलेला एक सेफ्टी पाचव्या फेरीत गेला. सत्तावीसच्या पासंगालाही न पुरणारा. सहावी संपली. सातवी संपली. शेवटचं नाव झाल्यावर पडद्यावर माणसं टाळ्या वाजवायला लागली आणि तिने फोन पालथा घातला.

शिबिराला गेला असता तर निवडला असता का? कोण सांगणार? ते कधीच कळणार नव्हतं, आणि तेच तिला खात होतं. तिला रडू आलं. कधी न भेटलेल्या, तिचं नावही माहीत नसलेल्या मुलासाठी ती गार झालेल्या पोह्यांसमोर बसून रडली. तिने त्याला मनापासून दिलं होतं, जवळचं होतं तेवढं सगळं दिलं होतं, आणि तिकडे ते नापास म्हणून पोचलं होतं.

आणि मग तिला जुई आठवली.

नोव्हेंबरात युनिव्हर्सिटीच्या उत्सवात जुईच्या डान्स क्लबचा कार्यक्रम होता. जुईने बोलावलं म्हणून ती एवढी लांब त्सुकुबाला गेली. नाच झाल्यावर जुई धापा टाकत, चकाकत्या डोळ्यांनी तिच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि सुचेता म्हणाली, ‘बरा झाला. पण तुला शेवटच्या रांगेत का उभं केलं होतं?’ तिच्या लेखी ‘बरा’ म्हणजे पुष्कळ होतं. परतीच्या गाडीत तिला अभिमानाने झोप लागली नव्हती. जुईने मात्र त्यानंतर कशालाच बोलावलं नाही. फोन आले ते कामापुरते, अर्धे जपानीत.

तिने जुईला फोन लावला.

“काय गं?” जुईचा आवाज झोपेतला होता.

“जुई, तुझा तो नोव्हेंबरातला नाच... फार सुंदर झाला होता. मला फार आवडला.”

“आई, बरी आहेस ना तू? बाबा आहेत का घरी?”

“मला काही झालेलं नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं, एवढंच.”

“आई,” जुई म्हणाली, “मी तो क्लब सोडला. जानेवारीतच.”

“का गं?”

“बेत्सुनी.” काही विशेष नाही. जुईला जे सांगायचं नसे ते ती जपानीत सांगत असे.

सुचेताच्या ओठांवर तीन प्रश्न आले, प्रॅक्टिस कमी पडत होती का हा त्यातला पहिला. तिने तिन्ही गिळले. “पुन्हा कधी नाचलीस तर मला बोलाव,” ती म्हणाली. “कुठल्याही रांगेत असलीस तरी.”

जुईच्या खिडकीखालून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, ती इकडे नीट ऐकू आली.

“बरं,” जुई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सुचेता फोन हातात धरून तशीच बसली. ‘बरं’ हा शब्द पोरीने तिच्याकडूनच घेतला होता, आणि तो शंभरपैकी किती आहे, ते तिला काही केल्या कळेना.